रविवारचा पंचनामा

रात्रपाळी करून आलेल्या माणसानं आंघोळ करावी, दोन भाकरी खाव्यात आणि झोपावं. प्रेमानंद मात्र रविवारी सकाळी दहाला लढाऊ विमान उडवायचा. वय छप्पन, गुडघे कुरकुरणारे, वीज कंपनीच्या सबस्टेशनात ऑपरेटरची नोकरी आणि निवृत्तीला चार वर्षं उरलेली. पोरगा हैदराबादला नोकरीला जाताना जुना कॉम्प्युटर जनवाड्याच्या घरी ठेवून गेला होता, त्याच्यावर हा खेळ होता. बीदरच्या हवाई दलाच्या तळावरची विमानं डोक्यावरून घिरट्या घालताना बघतच प्रेमानंद लहानाचा मोठा झाला. "एवढ्या वर्षांत कुणी आत बसून बघ म्हणलं न्हाई," तो म्हणायचा, "म्हून घरीच उडवायलोय." त्यावर त्याची बायको मंगल विचारायची, "पेट्रोल तर लागत न्हाई ना ह्याला?"

चौघांचा गट होता. भूगोल शिकवून निवृत्त झालेले हुलसूरचे तात्याराव गुरुजी, औरादला मोबाइलचं दुकान चालवणारा राम, आणि बीदरमध्ये घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी राजश्री. आपापल्या घरी कानाला हेडफोन लावले की चौघं एकाच आभाळात. उडताना नावं घ्यायची नाहीत, नंबरानं बोलायचं. प्रेमानंद एक, म्हणजे म्होरक्या. गुरुजी दोन, त्याच्या बाजूला राहून उडणारे. राजश्री तीन आणि राम चार.

उड्डाण संपलं की राजश्री रेकॉर्डिंग लावायची. कोण कुठं होतं, कोण काय बोललं, सगळं सेकंदासकट. इंग्रजीत याला डीब्रीफिंग म्हणतात. रामनं त्याचं पंचनामा असं बारसं केलं आणि तेच नाव चिकटलं. राजश्रीचे नियम सासूसारखे कडक होते. आधी म्होरक्यानं आपली चूक सांगायची. मग प्रत्येक चुकीला तीन प्रश्न: काय झालं, कामून झालं, पुढच्या वेळी काय करायचं. सबब चालणार नाही आणि चूक कबूल करणाऱ्याला कुणी हसणार नाही. एवढं झालं की चूक तिथंच मिटली, दुसऱ्या दिवशी तिचं नाव काढायचं नाही.

प्रेमानंदला हा पंचनामा उड्डाणापेक्षाही आवडायचा. का आवडायचा हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या नोकरीत त्याचे केस पांढरे झाले तिथं चूक ही वरून खाली ढकलायची वस्तू होती, आणि सगळ्यात खाली जो असेल त्याच्या अंगावर ती पडायची.

ग्यानबाच्या अंगावर तशीच पडली होती. ग्यानबा लाइनमन. तारेवर चढण्याआधी लाइनमननं ऑपरेटरला कळवायचं, ऑपरेटरनं वीज बंद करून रजिस्टरात लिहायचं, आणि चढलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज पुन्हा ऐकल्याशिवाय वीज सोडायची नाही. याला लाइन क्लिअर म्हणतात. शिकाऊ पोरालाही हा नियम पहिल्या दिवशी सांगतात. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत ग्यानबानं तो पाळला होता. त्याच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून वाटेनं जाणाऱ्या कुणाचा तरी फोन मागून त्यानं सबस्टेशनला कळवलं होतं. प्रेमानंदनं वीज बंद केली, रजिस्टरात लिहिलं. पाऊण तासानं वरच्या साहेबांचा फोन आला, "काम झालंय, लोकं बोंबलायलेत, चालू कर." साहेबच म्हणताहेत म्हणून प्रेमानंदनं चालू केली. ग्यानबा अजून वरच होता.

शॉक लागून तो खाली पडला, त्याचा उजवा हात खांद्यापासून गेला. त्याच संध्याकाळी साहेबांनी रजिस्टर पुढं ठेवलं आणि म्हणाले, "तुझी नोकरी बी जाईल, माझी बी जाईल. त्याचा तर हात गेलाच हाय." प्रेमानंदनं ते पान नव्यानं लिहिलं. चौकशीत जबाब दिला की लाइनमननं लाइन क्लिअर घेतला नव्हता, स्वतःच्या निष्काळजीपणानं चढला. ज्याच्या फोनवरून कळवलं तो वाटसरू पुन्हा कुणाला सापडला नाही. ग्यानबा दवाखान्यातून सुटला तो थेट घरी बसला. तेव्हापासून पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की प्रेमानंदचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. मंगलच्या ते ध्यानात आलं होतं. ती विचारत नव्हती, आणि हा मूग गिळून बसला होता.

आता ग्यानबाच्या बायकोनं भरपाईसाठी केलेल्या अर्जावर पुन्हा सुनावणी लागली होती, सोमवारी अकराला, कलबुर्गीला. प्रेमानंदला साक्षीला बोलावणं होतं. साहेब आता मोठ्या हुद्द्यावर पोचले होते, तरी शनिवारी त्यांनी आठवणीनं फोन केला. "आधी दिलास तोच जबाब. एक अक्षर इकडं तिकडं न्हाई." प्रेमानंद "व्हय साहेब" म्हणाला. सहा वर्षं तो हेच म्हणत आला होता. त्याला भीती होती, पण भीतीहून जास्त त्याला थकवा आला होता. रोज एकच दगड उचलून रोज त्याच जागी ठेवणाऱ्या माणसाला येतो तसला.

त्या रविवारी डोळ्यांत रात्रपाळीची वाळू घेऊनच तो खेळायला बसला. कामगिरी साधी होती. नदीवरचा पूल पाडायचा. पण पुलाशेजारच्या टेकडीवर शत्रूची क्षेपणास्त्रं होती. ती आधी तीन आणि चारनं उडवायची, टेकडी शांत झाल्याचं तीननं सांगायचं, आणि मगच एक आणि दोननं पुलावर जायचं. सगळं ठरल्यासारखं चाललं. मग चार ओरडला, "लागलं! बरोबर लागलं!" प्रेमानंदनं लगेच हुकूम दिला आणि गुरुजी पुढं झाले. टेकडीवरून एक पांढरी रेघ वर आली आणि गुरुजींचं विमान पेटलं. पूल जिथल्या तिथं राहिला.

पंचनाम्याला चौघं बसले. म्होरक्यानं आधी बोलायचं होतं, पण प्रेमानंद घुटमळला, तेवढ्यात रामनं तोंड घातलं. "गुरुजी, तुमी लई उंचावरून गेलाव. खाली चिकटून गेला असता तर वाचला असता."

"असंल बाबा," गुरुजी म्हणाले. "वळायलाही उशीर झाला माझ्याकडून. डोळे पहिल्यासारखे राहिले न्हाईत. तुमचा सगळ्यांचा रविवार मी वाया घालवायलोय. पुढच्या वेळी दुसरा कुणी बघा, मी नुसता ऐकत बसतो."

गुरुजींचं घर बायको गेल्यापासून रिकामं होतं. हेडफोनमधली ही तीन माणसं सोडली तर आठवडाभर त्यांच्याशी कुणी बोलत नसे. हे चौघांनाही ठाऊक होतं. तरी गुरुजींना कुणी अडवलं नाही, कारण खापर फुटलं होतं आणि फोडून घेणारा माणूस तक्रार करत नव्हता. असं झालं की बाकीच्यांना फार बरं वाटतं. प्रेमानंदलाही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला शिसारी आली. हे बरं वाटणं त्याच्या ओळखीचं होतं.

"थांबा," राजश्री म्हणाली. "आधी रेकॉर्डिंग."

पडद्यावर चार ठिपके सरकू लागले. राम ओरडलेला ऐकू आला. त्यानंतर बरोबर दोन सेकंदांनी प्रेमानंदचा स्वतःचा आवाज आला, जड, झोपाळलेला: "मोकळं हाय, दोन, जावा आत." आणि त्यानंतर राजश्रीचा आवाज, "तीन बोलायलीय, मोकळं न्हाई, एक बाकी हाय." तोवर पांढरी रेघ निघाली होती.

"एक," राजश्री शांतपणे म्हणाली, "काय झालं?"

"तीनचा आवाज ऐकायच्या आधीच म्या दोनला आत सोडलं. दोनची काही चूक न्हाई. गुरुजी, तुमची काहीच चूक न्हाई."

"कामून झालं?"

प्रेमानंदला उत्तर येत होतं. रात्रपाळी झाली होती, झोप नव्हती, हे सगळं खरं होतं आणि सबब म्हणून चाललंही असतं. पण त्याच्या तोंडातून ते बाहेर येईना. ज्याचा आवाज ऐकायला हवा त्याचा न ऐकता, जो मोठ्यानं बोलला त्याचा ऐकायचा, हे त्यानं आज पहिल्यांदा केलं नव्हतं.

"ही माझी जुनी खोड हाय," तो म्हणाला. "हिच्यापायी एका माणसाचा हात गेलाय. खराखुरा."

आणि मग त्यानं ग्यानबाचं सगळं सांगितलं, रजिस्टरच्या पानासकट. एकदा तोंड उघडल्यावर फार वेळ लागला नाही. सहा वर्षं जे छातीवर घेऊन तो फिरला ते पाच मिनिटांत सांगून झालं, याचंच त्याला रडू आलं. मंगल दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि तशीच आत गेली.

मग गुरुजी म्हणाले, "राजश्री, तिसरा प्रश्न राहिला की."

राजश्रीनं विचारलं. "पुढच्या वेळी काय करायचं, एक?"

"पुढची वेळ उद्याच हाय," प्रेमानंद म्हणाला.

सोमवारी सकाळी मंगलनं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि ती एवढंच म्हणाली, "नोकरी गेली तर गेली. दोघं काहीतरी करू." कलबुर्गीच्या कचेरीत साहेब आधीच येऊन बसले होते. ग्यानबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता, शर्टाची उजवी बाही आत खोचलेली, शेजारी त्याची बायको लिंगम्मा. अधिकाऱ्यानं कानडीत विचारलं आणि प्रेमानंदनं कानडीतच सांगितलं. लाइन क्लिअर घेतला होता. वीज मी सोडली. कुणाच्या सांगण्यावरून तेही सांगितलं, पान कुणी बदललं तेही. अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "याचा परिणाम काय होईल, माहीत आहे ना?" प्रेमानंद व्हय म्हणाला आणि त्यानं खाली सही केली. सही बँकेत चालली नसती अशी आली. साहेब त्याच्याकडं न बघता फोन कानाला लावून बाहेर गेले.

तो बाहेर आला तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर ग्यानबा आणि लिंगम्मा बसले होते. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. ग्यानबानं शिव्या द्याव्यात, मारावं, अशी त्याची तयारी होती. माफी मागायची हिंमत मात्र होत नव्हती.

ग्यानबानं त्याच्याकडं बघितलं. "प्रेमा," तो हळूच म्हणाला, "एक खरं सांग. माझी कीव यायली म्हून तर बोलला न्हाईस ना?"

"कीव कसली?"

"म्या खरंच फोन केलतो का रे?"

प्रेमानंद त्याच्याकडं वळला. ग्यानबा खाली मान घालून बोलत राहिला. "पडल्यावर माझं डोकंच चालंना. काय आठवायचं, काय न्हाई. समदे म्हणायलेत, तू फोनच केला न्हाईस. तो फोनवाला बी गावला न्हाई. सा वर्षं ऐकून ऐकून मलाबी वाटाय लागलं, नसंल केला. आपल्याच हातानं आपला हात घालवला. पोरांपुढं मान वर होत न्हाई. हिलाबी म्या तेच सांगायलो, अर्ज कशाला करायलीस, चूक माझीच असंल."

"केलतास," प्रेमानंद म्हणाला. "दुसऱ्याच्या फोनवरून केलतास. म्हणलास, प्रेमा, चढायलोय बघ. उतरून म्या सोता फोन करस्तोर सोडू नको. आन म्हणलास, येताना हरभऱ्याचे डहाळे आणतो तुला."

ग्यानबा ऐकत राहिला. ओठांनी तेच शब्द तो पुन्हा म्हणून बघत होता. मग तो बायकोकडं वळला आणि डाव्या हातानं त्यानं तिचं मनगट धरलं.

"ऐकलीस का, लिंगम्मा?" तो म्हणाला. "म्या फोन केलतो."