खुर्चीला घाम येत नाही

पगारे काका आमच्याकडे आले की आधी कधी बसायचे नाहीत. चप्पल काढून सरळ आतल्या खोलीत जायचे, तिथला चालू राहिलेला पंखा बंद करायचे, परतताना स्वयंपाकघरातला दिवा घालवायचे आणि मग सोफ्यावर टेकून म्हणायचे, "माणूस बसतो तिथं वारा पाहिजे. खुर्चीला घाम येत नाही." घर आमचं, बिल आमचं, पण जीव त्यांचा तुटायचा. एकदा माझ्या सासूबाई आंघोळ करत असताना त्यांनी बाहेरून बाथरूमचाच दिवा घालवला. आतून जो आरडाओरडा झाला तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "आत माणूस आहे असं सांगायचं ना वहिनी."

नाशिकला सिडकोतल्या आमच्या इमारतीत त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर. काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर कोणी बाग धरतं, कोणी देव धरतं, काकांनी विजेचं बिल धरलं. बिल हातात पडलं की आपण आकडा बघून कपाळाला हात लावतो. काका आधी बिलाची मागची बाजू वाचायचे. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हे शब्द ते नातेवाइकांची नावं घ्यावीत तसे घ्यायचे. जिन्यात भाजीची पिशवी घेऊन धापा टाकणाऱ्या बाईलाही थांबवून सांगायचे, "एक दिवा लावला नाही तरी स्थिर आकार लागणारच. त्याच्याशी भांडू नका. आपल्या हातात फक्त युनिट. शंभरच्या आत राहा. वर गेलात की वरच्या युनिटांना दर चढा." सगळी इमारत हे ऐकून ऐकून शहाणी झाली. बहुतेकांची बिलं खरोखरच उतरली. एक पगारे काकांचंच उतरेना.

म्हणजे प्रयत्न कमी होते असं नाही. टीव्हीचा लाल ठिपका दिसला की त्यांना झोप यायची नाही. "झोपलेला टीव्हीपण जेवतो" म्हणून ते भिंतीतला प्लग उपटूनच झोपायचे. दारावरची बेल काढून टाकली होती. पाहुणा गिझर लावून आंघोळीला गेला की काका दाराशी उभे राहून कीर्तनकारासारखे घसा खाकरायचे. सूट होती ती एकाच दिवसाला. चौदा एप्रिलला त्यांच्या गॅलरीत निळ्या दिव्यांच्या माळा उजाडेपर्यंत झगमगायच्या. मी चिडवायला विचारलं, तर म्हणाले, "त्या दिवसाचे युनिट मोजायचे नसतात."

या सगळ्यात भाजून निघायच्या त्या कुसुमकाकू. त्यांना दम्याचा त्रास, त्यात वरचा मजला, आणि सिडकोतला मे महिना. पुण्याच्या त्यांच्या मुलीनं, मायानं, आईसाठी एसी पाठवून भिंतीवर बसवूनही दिला होता. काकांनी त्याची जोडणी होऊ दिली नाही. "आपण नाशिकला राहतो, जळगावला नाय," ते म्हणायचे. त्यांच्या मनातलं नाशिक अजून त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातलंच होतं, तिथं मे महिन्यात संध्याकाळी स्वेटर घालून फिरायला जात. फार आग्रह झाला तेव्हा त्यांनी अट घातली की बिल शंभर युनिटच्या आत आलं की एसी लावायचा. एसीशिवाय जे बिल शंभरात येत नाही, ते आलं की एसी मिळेल, अशी ही सोय होती. काकूंनी एसीला क्रोशाचं कव्हर विणलं. दुपारी त्या स्वयंपाकघरात फरशीवर ओला पंचा टाकून पडायच्या.

दर रविवारी काकांची परीक्षा असायची. घरातली सगळी बटणं बंद करून ते खाली जिन्याखालच्या मीटरपाशी जायचे. सगळं बंद, तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतच असायचा. यावरून त्यांनी एकच निष्कर्ष काढला की कोणीतरी वायर टाकून आपली वीज चोरतंय. आमच्याकडे त्याच सुमारास नवीन वॉशिंग मशीन आलं होतं, त्यामुळे संशय घ्यायला लांब जावं लागलं नाही. काही दिवस आमच्याकडचे पंखे बंद करायला कोणी आलं नाही, एवढ्यावरून मला ते कळलं.

सगळं बंद म्हणताना काका एक गोष्ट धरायचे नाहीत. त्यांच्या दाराशी, चपलांच्या कपाटाशेजारी, एक जुनापुराणा फ्रिज होता. आत स्वयंपाकघरात मायानं घेतलेला नवीन फ्रिज होता, दूध-भाजी त्यात. हा दाराजवळचा फक्त पाण्याच्या बाटल्यांचा. दाराचं रबर कधीच गेलेलं, म्हणून त्याला नाडी बांधलेली, आणि तो अष्टौप्रहर घुरघुरायचा. घंटागाडीवाला, सिलेंडरवाला, कुरिअरवाला, मीटरचा फोटो काढायला येणारा माणूस, कोणीही त्या मजल्यावर आला की काका नाडी सोडून गार पाण्याची बाटली हातात द्यायचे. रविवारी तो बंद का करत नाही, हे मी विचारलं होतं. "फ्रिज बंद करायचा नसतो," असं त्यांनी मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. शिवाय मेकॅनिकनं बजावलं होतं की हा एकदा थांबला तर पुन्हा सुरू होणार नाही.

त्या वर्षी उन्हाळा लागतालागताच काकू ओट्यापाशी कोसळल्या. ऑक्सिजन लावावा लागला. माया आली आणि दोघांनाही पुण्याला घेऊन गेली. जाताना काकूंनी नवीन फ्रिज रिकामा करून बंद केला, काकांनी घरातले सगळे प्लग काढले, आणि किल्ली आमच्याकडे दिली. महिन्याभरानं काका एकटेच परत आले. मायानं स्पष्ट सांगितलं होतं की घरात एसी चालू होईपर्यंत आई नाशिकला येणार नाही. काका ताठ मानेनं आले, पण शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

चार दिवसांनी बिल आलं. काका ते घेऊन आमच्या दारात उभे राहिले. घर महिनाभर कुलपात, आणि मागच्या महिन्याच्या बिलात आणि या बिलात जेमतेम फरक. "घरात माणूस नाय," ते म्हणाले, "मग जेवलं कोण?" आता आमचं मशीन निघणार हे ओळखून मी त्यांच्याच फोनवरून काकूंना फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. पलीकडून काकू धापा टाकत, पण अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुमचा पाण्याचा फ्रिज. मी किती वर्षं सांगतेय. तुम्ही बिल वाचता, घर वाचत नाही."

काका वळून समोर आपल्या दारात गेले आणि फ्रिजवर हात ठेवून उभे राहिले. मग मला म्हणाले, "आमच्या गावाला, वणीकडं, मी लहान असताना पाणी मागितलं की वरून ओतायचे. ओंजळीत. भांडं हाताला लागू द्यायचे नाय. पहिला फ्रिज घेतला तेव्हाच ठरवलं, माझ्या दारातनं कोणी तहानलेला जाणार नाय आणि बाटली त्याच्या हातात देणार." इतकी वर्षं मी त्या फ्रिजची चेष्टा करत आले होते, आणि आता माझेच डोळे भरून आले. पण फोन चालूच होता. काकू म्हणाल्या, "पाणीच द्यायचंय ना? माठ भरा. तांब्या हातात द्या. माठाला मीटर नसतो."

नवीन फ्रिज काकू गेल्यापासून बंदच होता; काकांनी रविवारसारखी बाकीची सगळी बटणं बंद केली आणि पाण्याच्या फ्रिजचा प्लग काढला. घुरघुर थांबली आणि मजल्यावर अशी शांतता पसरली की खालच्या मजल्यावरून कोणीतरी लाइट गेले का म्हणून विचारलं. आम्ही खाली गेलो. मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला होता. वर आल्यावर त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "तुमचं मशीन कपडे चांगले धुतं का?" ही त्यांची माफी होती.

काकू आल्या, क्रोशाचं कव्हर निघालं आणि एसी सुरू झाला. मग काकांना नवीनच काळजी लागली. एवढी गार हवा फक्त दोन माणसांवर खर्च होते म्हणजे काय? ते दुपारी सगळ्या मजल्याची दारं ठोठावायचे. "एसी चालूच आहे, चार माणसं बसली तरी युनिट तेवढंच. पंचवीसवर ठेवलाय, चादर आणू नका." आम्ही मुकाट्यानं जायचो. माझ्या सासूबाई, भाजी निवडायच्या बायका, एकदा तर कुरिअरवालासुद्धा, सगळे त्यांच्या बेडरूममध्ये मांडीला मांडी लावून बसायचो, आणि काका दाराखालच्या फटीला पायपुसणं लावून पहारा करायचे. काकूंचा श्वास त्या उन्हाळ्यात मोकळा झाला.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. टीव्हीचा प्लग काढलेला होता.

यंदा एप्रिल तापला तशी काकूंनी माझं दार ठोठावलं. "चल, एसी लावलाय. एकटीसाठी लावला तर ओरडतील मला." दारातला माठ भरलेला होता, वर घासलेला तांब्या होता. आत जाताना हॉलमध्ये पाहिलं तर काकांच्या रिकाम्या खुर्चीवर पंखा भरधाव फिरत होता. त्यांच्याच सवयीनं माझा हात बटणाकडे गेला.

"राहू दे तो," काकू म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या घरचे पंखे बंद करण्यात जन्म गेला त्यांचा. बसू दे आता जरा वाऱ्याला."