मोहरीएवढा ठिपका

बायकोच्या एमआरआयची फिल्म मी खिडकीच्या काचेला लावून धरली. मेंदूच्या देठात मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. दोन्ही डोळे एकत्र फिरवणारी नस तिथे बिघडली आहे, आणि ती सुधारेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"अहो, तुम्ही दोन दिसता," बायको म्हणाली. "एकच जड जात होता."

पंचवीस वर्षं चारचौघांत माझी गोष्ट लांबली, की ती नुसती तिरकी नजर टाकायची आणि मी आवरतं घ्यायचो. कुणाला पत्ता लागायचा नाही. एवढ्याशा नसेवर आमचा केवढा संसार चालला होता!

काल पाहुण्यांत मी रंगलो होतो. तिचा एक डोळा माझ्याकडे वळला, दुसरा जागीच राहिला. मग तिने अख्खी मान वळवली. तो इशारा सगळ्यांनाच दिसला आणि पाहुणे संकोचले. ती तिरकी नजर गेल्यावर गोष्ट पुढे रेटायला मला आता पूर्ण मोकळीक होती, पण मीच ती अर्धवट सोडली.