मानाची जागा

हान्सोलची आई माझी शेजारीण. तिचं नाव ओक्जा, पण नऊ वर्षांत ते कोणाच्या तोंडून ऐकलेलं मला आठवत नाही. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हापासून ती बाजारापलीकडे गेलेली नाही. नोव्हेंबरात मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेत गेला आणि जाताना आपला टॅरंटुला आईच्या गळ्यात घालून गेला. काचेच्या पेटीत तळहाताएवढा केसाळ कोळी. पेटीवर चिठ्ठी: ‘चोवीस अंशांखाली जाऊ देऊ नकोस. सुट्टीवर येईन तेव्हा जिवंत पाहिजे हं, आई.’

आमच्या जेचॉन शहराच्या हिवाळ्यात ती एकच खोली तापवते. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या जातात. बॉयलरच्या भिंतीलगतचा कोपरा सगळ्यात ऊबदार. तो मान घरातल्या मोठ्यांचा, नाहीतर पाहुण्याचा. तिथे नवऱ्याची गादी होतीच, शेजारी तिने पेटी ठेवली.

“दोन्ही राजे शेकताहेत वाटतं,” मी म्हणायची.

“आणि दासी दाराशी कुडकुडतेय!”

मंगळवार, ९ जानेवारी. सकाळी उणे चौदा. ती चप्पल न घालताच धावत आली. “ताई, आधी चला. हा मरतोय. पोराला काय तोंड दाखवू?”

कोळी काचेच्या वरच्या कोपऱ्याला चिकटून झाकण ढकलत होता. पोट सुकलेलं.

“चार दिवस खाली बीळ खणत होता, आता हे. गारठलाय. बॉयलर वाढवते.”

काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला तापमापक बरोबर चोवीस दाखवत होता.

“नको,” गादीवरून आवाज आला. तिचा नवरा दिवसाकाठी चार शब्द बोलतो. “गरम.”

“अहो, कुठे गरम? चोवीस तर आहे!”

“खालून.”

मी पेटीतल्या मातीत बोट खुपसलं. वर गार होती. तळाशी पोचले आणि बोट झटकन मागे घेतलं. उकाडा टाळायला तो जीव खाली खणत होता आणि विस्तव खालीच होता.

तिने पेटी कपाटावर ठेवली, वाटीत पाणी घातलं. मग नवऱ्याकडे वळून गोधडी दूर केली. कमरेवरचा लाल चट्टा तिला नवा नव्हता. पडून राहिल्याने होतं असं समजून ती रोज मलम लावायची. आज तिने गादीखाली हात घातला; तिथेही तसंच भाजत होतं.

“अहो, मग बोलला का नाहीत?”

शब्द जमवायला त्याला वेळ लागला. “तू विचारायचीस... थंडी वाजते का.”

“आणि तुम्ही नाही म्हणायचात!”

“नाहीच... वाजत.”

आम्ही दोघींनी गादी ओढून दाराकडे नेली. दुपारी कोळी खाली उतरून वाटीशी बसला.

“बस की गं जरा तिथे,” मी रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

लग्नाच्या तीस वर्षांत ती तिथे पहिल्यांदा बसली, गुडघे पोटाशी घेऊन. “चांगलं ऊबदार आहे हो,” म्हणाली. पाच मिनिटांनी उठली. नवऱ्याला कुशीवर वळवायची वेळ झाली होती, आणि हान्सोलची सुट्टी अजून एक्केचाळीस दिवस दूर होती.