यादवनानांचे रुमाल

यादवनाना गाण्यातले नव्हते. तसे ते कशातलेच नव्हते. पण जागा धरण्यात त्यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या नाशकात सापडला नसता. सिन्नरच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर नोकरी केली, ती रोज एसटीनं जाऊन-येऊन. गाडी स्टँडात वळत असतानाच ते खिडकीतून रुमाल टाकत. रुमाल नेमका हव्या त्या सीटवर पडे. मग बाकीच्यांची दारातली रेटारेटी आटोपली, की नाना सावकाश चढत आणि रुमालावर कुणी बसलंच असेल तर त्याच्याकडे नुसतं बघत. तो उठे.

निवृत्तीनंतर ही कला गंजून गेली असती. पण नानांनी गंगापूर रोडला श्रीरंग सोसायटीत फ्लॅट घेतला आणि तिथले चेअरमन रविराजसाहेब माणसं ओळखणारे निघाले.

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे गोदाकाठच्या पटांगणावर शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम असतो. प्रवेश सर्वांना मोफत, असं फलकावर हातभर अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते खरंच आहे. फक्त पुढचे सोफे मान्यवरांना, सोफ्यांमागच्या खुर्च्या प्रायोजकांना, त्यामागच्या प्रायोजकांच्या पाहुण्यांना आणि तिथून पुढे सर्वांना. सोफ्यांच्याही पुढे, अगदी स्टेजला लागून, जमिनीवर सतरंज्या अंथरलेल्या असतात. तिथं कुणीही बसावं. पण तिथं बसलं की पैठणी चुरगळते आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. त्यामुळे तिथं फक्त गाणं ऐकायला आलेली माणसं बसतात.

'सर्वांना' असलेल्या भागातली पहिली रांग नाना दरवर्षी श्रीरंग सोसायटीसाठी धरत. पहाटे चारला स्कूटरच्या डिकीत रुमाल, टॉवेल, पंचे, जुने स्कार्फ असा सगळा सरंजाम घेऊन ते पटांगणावर हजर होत. सोसायटी सात वाजता येई. मधल्या वेळात नाना रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत आणि जवळ येईल त्याला सांगत, "माणूस येतोय." गेल्या वर्षी रविराजसाहेबांनी सोसायटीच्या सभेत 'नानांमुळे आपल्याला संगीताचा आस्वाद घेता येतो' असं म्हणून त्यांना शाल दिली होती. ती शाल यंदा कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांवर पसरायला कामी आली.

नानांच्या बायकोला, लंकाबाईंना, मात्र गाण्याचं वेड होतं. वणीजवळच्या त्यांच्या माहेरी वडील भजनाला बसत आणि ही पोर पेटीशेजारी बसून ऐकत राही. शिकवलं कुणी नाही. पुढे संसारात रेडिओ होता, तो पोळ्या लाटताना लागे. श्रीरंग सोसायटीत आल्यावर पाडव्याची पहाट त्यांनी कधी चुकवली नाही. दरवर्षी त्या सतरंजीवर एकट्या बसत, कारण नाना मागे ड्युटीवर असत.

यंदा धनत्रयोदशीला नानांनी विचारलं, "पाडव्याला ओवाळणी काय पाहिजे? साडी घेऊ?"

"साडी नको," लंकाबाई म्हणाल्या. "गाण्याला माझ्याशेजारी बसा. सुरू झाल्यापासनं संपेपर्यंत."

"एवढंच?"

"एवढंच. लय झालं मला."

नाना खूश झाले. इतकी स्वस्त ओवाळणी कॉलनीत कुणाला पडली नसेल, असंही त्यांच्या मनात आलं. त्यांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं.

पाडव्याला पहाटे दोघं बरोबरच निघाले. नानांनी रांग धरली. लंकाबाईंनी सतरंजीवर मोक्याची जागा बघितली, आपण बसल्या आणि शेजारी नानांचा निळ्या काठाचा रुमाल पसरला. "ही मंडळी आली की आलोच," नाना लांबूनच हातवारे करून म्हणाले. लंकाबाईंनी मान हलवली.

कार्यक्रम साडेपाचला होता. गाणाऱ्या बाई मोठ्या होत्या, पहाट फुटायच्या आधीचा ललत राग गायचा म्हणून खास पुण्याहून आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या. पण आधी दीपप्रज्वलन झालं. वाऱ्यानं समई विझत होती, म्हणून ते तीनदा झालं. मग मान्यवरांचे सत्कार, मांडववाल्याचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, आणि एका मान्यवरांचं शास्त्रीय संगीतातलं आपल्याला काही कळत नाही या विषयावर सविस्तर भाषण. ते संपेपर्यंत नदीपलीकडच्या देवळांवर ऊन आलं. बाईंनी वर आभाळाकडे एकदा बघितलं, तंबोरे पुन्हा लावून घेतले आणि ललत सोडून सकाळचा तोडी सुरू केला.

त्याच सुमाराला श्रीरंग सोसायटी आली. नथी, पैठण्या, जॅकेटं, अत्तराचा घमघमाट. रविराजसाहेबांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या मिसेस रूपालीताईंनी डोळे मिटून, मान डोलवत, हातानं हवेत स्वर पकडत एक छोटा व्हिडिओ काढून घेतला. तो नीट आला नाही, म्हणून पुन्हा मान डोलवली.

नानांना हायसं वाटलं. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि सतरंजीकडे पाऊल टाकलं, तोच रविराजसाहेब त्यांच्या कानाशी वाकले.

"नाना, आम्ही जरा मखमलाबादला मळ्यात मिसळ खाऊन येतो. नंतर फार गर्दी होते तिथं. भैरवीला परत येतोच. जागा सोडू नका हां!"

"अहो पण साहेब, मला जरा…"

"तुम्ही आहात म्हणून तर निर्धास्त जातोय!"

 नानांनी चपला खाली ठेवल्या. रुमाल पुन्हा पसरले. समोर लंकाबाईंनी वळून बघितलं आणि शेजारच्या रुमालावर हळूच हात थोपटला. नानांनी पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

बाई रंगत चालल्या होत्या. मागे उभ्यानं ऐकणाऱ्यांची दाटी झाली. झेंडूची रिकामी पाटी कमरेवर घेतलेली एक बाई म्हाताऱ्या सासूला हाताशी धरून रांगेजवळ आली.

"बाबा, म्हातारीला टेकू द्या की जरा. समद्या रिकाम्याच हायेत."

"रिकाम्या नाहीत. माणूस येतोय."

"समद्यांवर?"

"सगळ्यांवर."

 दोघी पुढे निघून गेल्या. नानांना थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण जबाबदारी म्हणजे जबाबदारी. शिवाय एक खुर्ची दिली की रांग गेली, हे त्यांना एसटीनं शिकवलं होतं.

एवढ्यात रांगेच्या पार त्या टोकाला एका गृहस्थानं शाल उचलली आणि तो बसायला वाकला. तिकडे स्टेजवर बाईंनी सूर चढवत चढवत वरच्या षड्जावर नेला होता. त्या तिथं थांबल्या. पटांगणावर हजार माणसं श्वास रोखून बसली, फक्त तंबोरे वाजत होते. आणि त्या शांततेत नाना स्टँडातल्या आवाजात कडाडले, "ओऽऽ! माणूस येतोय तिथं!"

बाईंचे डोळे उघडले. तबलजी दचकला. सोफ्यावरचे एक झोपलेले मान्यवर जागे होऊन टाळ्या वाजवू लागले. सगळं पटांगण वळून नानांकडे बघायला लागलं. नानांनी मात्र एकाच पाठीकडे बघितलं. लंकाबाईंनी मान वळवली नाही. आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

 आता जावं, आत्ता जावं, असं नानांना आतून वाटत होतं, पण पाय रांगेपाशीच घुटमळत राहिले. बाईंनी भैरवी धरली तेव्हा कुठे त्यांचा फोन थरथरला.

"नाना, इथं वेटिंगच फार आहे," रविराजसाहेब म्हणाले. "आम्ही इथूनच घरी जाऊ. सोडा आता जागा. आणि हो, पुढच्या वर्षी जरा पुढच्या खुर्च्या बघा."

नानांनी भराभर रुमाल, टॉवेल, शाल गोळा करून खिशात, काखेत कोंबले. शेवटचा पंचा उचलेपर्यंत पहिल्या खुर्च्या भरल्यासुद्धा. लोकांचे पाय चुकवत, माफी मागत ते सतरंजीपाशी पोचले.

लंकाबाईंच्या शेजारी ती झेंडूवाली म्हातारी मांडी घालून बसली होती. डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर ताल धरत होता. निळ्या काठाचा रुमाल घडी होऊन लंकाबाईंच्या मांडीवर होता.

नाना उभे राहिले. दुसरीकडे कुठे तळपाय टेकायलाही जागा नव्हती.

"काका, खाली बसा! दिसत नाहीये!" मागून कुणीतरी ओरडलं.

बसा म्हणे. नाना कडेच्या बांबूला पाठ लावून अंग चोरून उभे राहिले, आणि तेवढ्यात भैरवी संपली.

दोघं स्कूटरवरून घरी आले. घराच्या जिन्यात नाना म्हणाले, "जागा दिलीस होय?"

"धरली होती," लंकाबाई म्हणाल्या. "चार जणांना नाय म्हटलं. तुमचा आवाज आला मागनं, मग म्हटलं हा माणूस काय आता येत नाय. म्हातारीला बसवली."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि नानांना तेच सोसेना.

घरी रांगोळी घालून पाट मांडला. नाना टोपी घालून बसले. लंकाबाईंनी कुंकू लावलं, सुपारी-अंगठीनं ओवाळलं, निरांजन फिरवलं आणि ताट धरून उभ्या राहिल्या. कपाटात नानांनी गुपचूप आणलेली साडी होती. पण ती आता कुठल्या तोंडानं काढायची? फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर रूपालीताईंची डोलणारी मान आली होती, खाली नानांना भरपूर हात जोडलेले होते. नानांनी फोन पालथा घातला.

मग त्यांनी खिशात हात घातला आणि रुमाल बाहेर काढले. एक, मग आणखी, मग पाटाशेजारी टाकलेले टॉवेल, पंचे, सगळे. ते ताटात ठेवायला लागले.

"अहो, पेटतील!" लंकाबाईंनी निरांजन चटकन उचललं.

"घे," नाना म्हणाले. "हेच आहे माझ्याकडं. फडक्याला वापर."

लंकाबाईंनी त्या ढिगाकडे बघितलं. मग कमरेचा निळ्या काठाचा रुमाल काढून नानांच्या हातात ठेवला.

"हा राहू द्या तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "पुढच्या पाडव्याला बसायला लागंल."