पंखवाल्या गाडीतली पुढची सीट

मुंबईच्या विमानतळावर आईने मला सगळ्यांसमोर बजावलं होतं, "अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नकोस." मी तेव्हा चांगला घोडा झालेला इंजिनिअर, बायकोसकट न्यूझीलंडला निघालेला. बाबा हसले. मी मात्र ते इमानेइतबारे पाळलं. संशय आमच्या रक्तातच आहे. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणावर आमचा चटकन विश्वास बसत नाही. इथे, टौरंगा शहरात आल्या आल्या एका बाईंनी पावसात लिफ्ट देऊ केली, तर मी नको म्हणालो आणि ओलाचिंब ऑफिसात गेलो.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे आली. कायमचं इथे राहायचं की परत जायचं, ते तिने ठरवायचं होतं. पुण्याहून ताईचा दर रविवारी एकच प्रश्न: आई रमली का? मी म्हणायचो, रमलीय गं, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. खरं म्हणजे तिने बॅगसुद्धा पूर्ण उपसली नव्हती, आणि परतीच्या तिकिटाचं काय, हे ती सारखं विचारायची. तिला जायचंय, हे मी धरूनच चाललो होतो.

त्यात शेजारचा ब्रायन. सत्तरीचा, एकटा, बारा महिने पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. त्याच्याकडे एकोणीसशे एकोणसाठची अमेरिकन गाडी आहे, मोरपंखी आणि पांढरी, आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरापेक्षा लांब. मागे दोन्ही बाजूंना उंच पंख, त्यांत टोकदार लाल दिवे. पुढची क्रोमची जाळी अशी, की गाडी सतत दात काढून हसतेय. मला तो प्रकार पहिल्यापासून खटकला. मी बंदरात क्रेनची कामं बघतो. जो भाग काही कामच करत नाही तो लावायचा कशाला? आणि दर शनिवारी ते पंख पुसत बसणाऱ्या माणसाच्या मनात असतं तरी काय?

मग लक्षात आलं, आई डेअरीत दूध आणायला म्हणून जाते आणि तासाभराने दूध न घेताच येते. वर खुशीत. विचारलं तर म्हणे, पाय मोकळे केले. लेकीला विचारलं तर "आजीज फाइन, डॅड" म्हणून तिने हेडफोन लावले. काहीतरी शिजतंय, याची माझी खात्रीच पटली. माझी बायको ऋता म्हणाली, तुझं आपलं काहीतरीच.

शेवटी एका शुक्रवारी मी घरून काम घेतलं आणि खिडकीत बसलो. थोड्या वेळाने वळणावरून ती मोरपंखी गाडी आली, आणि उजवीकडे, ड्रायव्हरच्या जागी, गॉगल लावून आई! जिला सायकलसुद्धा येत नाही ती हे धूड चालवतेय? मी अनवाणी रस्त्यावर धावलो. जवळ गेल्यावर दिसलं, अमेरिकेची गाडी ती, स्टिअरिंग डावीकडे. ब्रायन पलीकडे बसून चालवत होता. त्याने "किया ओरा" म्हणून इथला नमस्कार केला. मी आईच्या बाजूचं दार उघडलं.

घरात आल्यावर आईला तिचंच विमानतळावरचं वाक्य ऐकवलं. तिने शांतपणे गॉगल काढला.

"तो मला पुढे बसवतो," ती म्हणाली. "तुझ्या गाडीत मी कायम मागे, पिशव्यांशेजारी. समोरचा रस्ता मला दिसतच नाही."

बाबांच्या गाडीत ती नेहमी पुढे असायची. मांडीवर मटारच्या शेंगा सोलत त्यांना सांगायची, डावीकडून घ्या, हळू घ्या. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. हे त्या जँडलवाल्याला कळलं आणि मला नाही.

रविवारी बाजाराला निघताना ऋता आपणहून मागे लेकीशेजारी बसली. मी आईसाठी पुढचं दार उघडलं. ती आत बसेना. एकदा माझ्याकडे, एकदा ऋताकडे बघितलं.

"का रे?" ती हळूच म्हणाली. "माझं तिकीट काढलंस का?"

इतके महिने ती तिकिटाचं विचारत होती ते मी तिला परत पाठवीन या भीतीने, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. नाही काढलं, म्हटलं, काढणारही नाही, बस. बसली, पण पर्स मांडीवर घट्ट धरून.

तर ताई, आई रमली का, हे मला अजून सांगता येत नाही. बॅग पलंगाखालीच आहे. ब्रायनवर माझा विश्वास नाही आणि माझ्यावर आईचा. पण काल पहिल्याच वळणावर ती म्हणाली, हळू घे. मला घरी आल्यासारखं वाटलं.