दुसऱ्याचा पासपोर्ट

“पासपोर्ट कधीपर्यंत हाये?” परदेशी निघालेल्या पोराच्या हातावर पेढा ठेवण्याआधी काकू हे विचारायच्याच. सिंदी मेघेत त्या आमच्या शेजारी राहायच्या. आखातातल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून परतलेल्या. अशी एखादी शेजारीण तुमच्याही गल्लीत असेल. आधी तिच्या चौकशांचा वैताग येतो, मग तिच्यावाचून करमत नाही.

माझी मुलगी जर्मनीला निघाली तेव्हाही तोच प्रश्न. “संपला तर तिथंच नवा काढेल,” मी म्हटलं.

“काढंल ना. पण तिथली फी येगळी, कचेरी दुसऱ्या शहरात, जाया-यायचं भाडं, रजेचा पगार कापते ते येगळंच. तुह्या पोरीले जमंल. झाडूवाल्यानं काय करावं?”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वॉर्डात तेलंगणाचा एक सफाई कामगार होता. एकदा तो जिन्यात बसून रडताना दिसला. गावी आई शेवटच्या आजारात, आणि याच्या पासपोर्टची मुदत संपलेली. तातडीनं नवा काढायचा खर्च त्याच्या पगारात बसेना, ठेकेदार उचल देईना. काकूंनी धाकट्या बहिणीच्या लग्नाला यायला पैसे साठवले होते. ते त्याच्या पासपोर्टात आणि तिकिटात गेले. काकू तिथंच राहिल्या.

“भेट झाली का आईची?”

“झाली. तिनं त्याले ओळखलं.”

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना बाई! लग्नाचे फोटो आले तं बाथरूममधी जाऊन रडली मी. पण माह्यावाचून लग्न अडलं काय? त्याच्या मायले तो एकटाच होता.”

बहिणीनं मात्र अबोला धरला. ताईला नोकरीच प्यारी, असं तिनं मनात घेतलं. काकूंनी खरं कारण तिला कधी कळू दिलं नाही.

“का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“सांगतलं असतं तं तिले रागावता बी आलं नसतं. तिचा हक्क होता तो.”

गेल्या हिवाळ्यात काकू अंगणात पडल्या, पाय मुरगळला. मला राहवलं नाही. देवळीत राहणाऱ्या त्यांच्या बहिणीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती भाड्याची गाडी करून दारात उभी.

“चाल ताई. लग्नाले नाई आली, आता तरी माह्या घरी राह्यजो.”

काकूंनी आधी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग बहिणीच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत गाडीत जाऊन बसल्या. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसलं, दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली होती.