आबांची छत्री

मीरा आणि समीर, परवा फोनवर कळलं की रविवारच्या मराठी वर्गात तुम्हाला क्रियापदांचा तक्ता पाठ करायला दिलाय. करतो, केलं, करीन. पाठ करायच्या आधी आजीचं हे वाचा. नंतर वाचून उपयोग नाही.

"बाई, मुलींना बाकावर बसवा. रस्त्यावरून लोक बघतात."

हे आमचे हेडमास्तर. स्वातंत्र्यानंतरची पहिलीच काही वर्षं, जळगावातली मुलींची शाळा, मी इंग्रजीची नवी शिक्षिका. मुली 'आय जंप' म्हणत उड्या मारत होत्या. त्यांना इंग्रजी आठवीत पहिल्यांदाच लागलं होतं.

तेव्हाची रीत म्हणजे क्रियापदाची तीन रूपं घोकायची: गो, वेंट, गॉन. मीही धुळ्याला तशीच घोकून पहिली आले होते. पुढे कॉलेजात सरांनी इंग्रजीतून खुर्ची आणायला सांगितली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. ब्रिंगची तिन्ही रूपं मला येत होती. म्हणून माझ्या वर्गात नियम केला: एकीने हुकूम द्यायचा, दुसरीने तो करायचा. केल्याशिवाय शब्द फळ्यावर येणार नाही.

"तुमची नोकरी अजून कायम नाही," हेडमास्तर म्हणाले. "उद्या शाळेच्या कमिटीचे आबा येणार आहेत. तक्रार त्यांचीच आहे. मुलींकडून रूपं म्हणवून घ्या, विषय संपला."

"वर्ग रोजच्यासारखाच होईल, सर."

"मग परवापासून तो दुसरं कोणी घेईल."

आबा केळीचे मोठे बागायतदार. शाळेची इमारत त्यांचीच. त्यांची नात गोदू माझ्याच वर्गात होती. आबा ओसरीवर आले की घरातल्या मुली आत जात. त्यांच्यासमोर बोलायची पद्धत नव्हती, मग हुकूम कुठला?

दुसऱ्या दिवशी ते धोतराचा सोगा सावरत दारात आले. "बाई, हाई काय शे? बठ्ठ्या पोरी उड्या मारतीस म्हने." आबा अहिराणी बोलत; बठ्ठ्या म्हणजे सगळ्या.

हुकूम द्यायची पाळी त्या दिवशी गोदूची होती. हेडमास्तर माझ्या कानाशी आले. "दुसरी मुलगी घ्या."

"पाळी गोदूची आहे."

मी आबांच्या शेजारी खुर्ची ठेवली. "आबा, ती सांगेल ते तुम्ही करायचं. अर्थ मी सांगणार नाही."

गोदू आपल्या पायांकडे बघत राहिली. मग खुर्चीकडे हात करून पुटपुटली, "सिट डाउन."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "मन्ही नात माले हुकूम सोडस?"

"हो. तुम्ही केलंत तरच ती शिकली असं मी धरीन."

आबा बसले.

"स्टँड अप."

तिने तळहात वर उचलला तसे आबा उठले. आता गोदूचा आवाज मोकळा झाला होता. तिने हात पुढे केला. "गिव्ह मी द अंब्रेला."

आबांनी छत्रीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि छत्री दिली. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मग आबाही हसले. "घरमा सांगू नको बरं, गोदू."

जाताना म्हणाले, "शिकाडा, बाई. पन दार लाई ल्या."

"दार उघडंच राहील, आबा. झाकून करण्यासारखं इथे काही नाही."

ते हेडमास्तरांकडे वळले. हेडमास्तर भिंतीवरचा नकाशा बघत होते. गोदू छत्री परत द्यायला धावली, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पोरीस्ले लागी." छत्री मुलींसाठी वर्गातच राहिली.

नोकरी कायम झाली, एक वर्ष उशिराने. शेऱ्यात 'वर्गात शिस्त कमी' असं होतं. मी पद्धत बदलली नाही आणि दारही लावलं नाही. केलेला शब्द विसरत नाही, आणि न पटलेला हुकूम मोडला म्हणून नोकरी दर वेळी जातेच असं नाही. कधीकधी जाते. तयारी ठेवावी.

मी निवृत्त झाले तेव्हा मुलींनी ती छत्री मला दिली. कापड केव्हाच विरलं. वेताची मूठ आणि काड्या शाबूत आहेत, माझ्या खोलीच्या दारामागे.